शनिवारची चव-बैठक : यावेळी शेरी

सभासदांनो, येत्या शनिवारी संध्याकाळी 7 वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे. यावेळी फक्त शेरी, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या हेरेस भागातली वाईन. क्रम असा: फिनो, अमोन्तियाडो, ओलोरोसो आणि शेवटी गोड पेद्रो हिमेनेथ. तो बदलू नका. आधी गोड घेतलीत तर फिनो आंबट पाणी वाटेल.

शेरी गोडच असते हा समज घरी ठेवून या. पहिल्या तिन्ही पालोमिनो द्राक्षाच्या आणि कोरड्या आहेत. फिनो सुमारे 15 टक्के अल्कोहोलवर मुरते, तेव्हा पिंपात तिच्यावर यीस्टची साय धरते. ती हवा अडवते, म्हणून रंग फिका राहतो आणि वास ताज्या पावासारखा येतो. ओलोरोसोत अल्कोहोल 17 टक्क्यांच्या वर नेतात, साय टिकत नाही, वाईन हवेत मुरते: गडद, अक्रोडासारखी. अमोन्तियाडो आधी सायीखाली, मग हवेत. माझ्या मते सगळ्यांत मजेदार तीच.

फिनो 7 ते 9 अंशांवर, थेट फ्रिजमधून ओतू. इवले शेरी ग्लास नकोत. साधे व्हाइट वाईनचे ग्लास आणा, एक तृतीयांशच भरायचे. खारे बदाम आणि ऑलिव्ह आहेत. पेद्रो हिमेनेथ व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतणार आहोत (हट्टाने!).

अत्तर, परफ्यूम लावू नका. मद्यपानाचा परवाना जवळ ठेवा. गाडी चालवणाऱ्यांसाठी थुंकायचं भांडं असेल, पण रिक्षाच बरी. येणार असाल तर गुरुवारपर्यंत कळवा. खर्च समान वाटून घेऊ.