लिंबोबद्दल, तुझ्या प्रश्नाला उत्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं. तू जे विचारलंस ते नेमकं माझ्या घरातलं निघालं, म्हणून लिहायला हात होत नव्हता. ‘तुमच्या ख्रिस्तसभेनं लिंबो रद्द केलं म्हणतात. शतकानुशतकं शिकवलेलं असं काढून टाकता येत असेल, तर बाकीच्या शिकवणीवर तरी विश्वास का ठेवायचा?’

लिंबो म्हणजे बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांसाठी कल्पिलेली जागा: स्वर्ग नाही, पण यातनाही नाहीत. आधी आजीचं सांगतो. तिचा दुसरा मुलगा जन्मल्यावर काही तासांतच गेला, बाप्तिस्म्याविना. जिवावर बेतलं असेल तर कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे तिला नंतर कळलं आणि तेच तिला जन्मभर छळत राहिलं. १९१७च्या धर्मसंहितेनुसार बाप्तिस्मा न झालेल्याला ख्रिस्ती दफनविधी नव्हता. आजोबांनी बाळाला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर एकट्यानं पुरलं. आजी रोज रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की मारियामातेला आळवणारा एक जास्तीचा ‘नमो मारिया’ म्हणायची. कुणासाठी, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

लिंबो या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ काठ, किनार. ती कल्पना एका खऱ्या पेचातून आली. पाण्यानं व आत्म्यानं जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो. आणि सर्वांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा आहे, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. मग ज्यानं एकही पाप केलं नाही, पण ज्याचा बाप्तिस्माही झाला नाही, त्या बाळाचं काय? पाचव्या शतकात, आदिपाप म्हणजे माणसाला जन्मतःच लागलेलं पाप नाकारणाऱ्या पेलाजियसच्या अनुयायांशी वाद घालताना संत ऑगस्टीननं त्या आदिपापावर इतका भर दिला की या बाळांच्याही वाट्याला शिक्षा आली. अत्यंत सौम्य, पण शिक्षाच. मध्ययुगातल्या पंडितांना ते सहन झालं नाही. आबेलार्दनं ती शिक्षा देवदर्शनाला मुकण्यापुरतीच ठेवली. थॉमस अक्वायनस आणखी पुढे गेला: आपण कशाला मुकलो हे त्या बाळांना ठाऊकच नसतं, म्हणून त्यांना दुःखही नसतं. तेव्हा लिंबोचा शोध मुलांना घाबरवायला लागला नव्हता रे, दयेसाठीच लागला होता. मला हे कळायला फार वर्षं लागली.

आणि ते श्रद्धासत्य म्हणून कधीही घोषित झालं नव्हतं. दोन सत्यांच्या मधे बांधलेला तो पूल होता. सत्यं दोन्ही जागच्या जागी आहेत, पूल तेवढा अपुरा ठरला.

तो अपुरा ठरला कसा, ते बघ. १९७०च्या रोमन मिस्साग्रंथात, म्हणजे ख्रिस्तयागाच्या प्रार्थनांच्या पुस्तकात, बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळासाठी अंत्यविधीची मिस्सा आली. १९८३च्या नव्या संहितेनं, आईवडिलांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा असेल, तर बिशपांच्या परवानगीनं अशा बाळाला ख्रिस्ती दफन खुलं केलं. १९९२च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात, लिंबो हा शब्दच नाही. तिथं ही बाळं देवाच्या दयेवर सोपवली आहेत, आणि ‘बालकांना माझ्याकडे येऊ द्या’ हे येशूचे शब्द दिले आहेत. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा अहवाल २००७मध्ये, म्हणजे सगळ्यात शेवटी आला. त्यात खात्री दिलेली नाही, पण आशेला भक्कम आधार आहे असं म्हटलं आहे. म्हणजे प्रार्थना आधी आली आणि पंडित मागून आले. तू ‘रद्द केलं’ म्हणतोस तेव्हा हा क्रम तुझ्या नजरेतून सुटतो.

शिकवण वाढते आणि शिकवण बिघडते, यातला फरक ओळखायच्या सात खुणा इंग्लिश ईशज्ञानी जॉन हेन्री न्यूमननं १८४५मध्ये मांडल्या होत्या. लिंबोचा प्रश्न मला त्या खुणांना उतरलेला दिसतो. देहदंडाच्या बाबतीत मात्र माझा जीव तितका निवांत नाही. परंपरेनं शासनाला तो हक्क दिला होता. २०१८मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझमचा २२६७वा परिच्छेद बदलून देहदंड अस्वीकार्य ठरवला. तो निर्णय मला मनापासून पटतो. पण जुन्या शिकवणीशी त्याचा सांधा कुठे जुळतो हे कुणी विचारलं, तर मी अजून अडखळतो. माणसाची प्रतिष्ठा गुन्ह्यानंतरही उरते, इथून सुरुवात करायला हवी एवढं कळतं. यावर तुझ्याशी समोरासमोर भांडायचं आहे.

‘मग बाप्तिस्मा कशाला?’ असंही तू विचारशील. आमच्या हातात दिलेला मार्ग तोच आहे, आणि तो दिलाय म्हणून आम्ही वाट न बघता तो देतो. देवानं मात्र स्वतःला संस्कारांपुरतं बांधून घेतलेलं नाही, असं कॅटेकिझमच सांगतो.

आजी २००७च्या आधीच गेली. तिचा तो जास्तीचा ‘नमो मारिया’ तिच्या काळच्या पुस्तकांत कुठेच बसत नव्हता, तरी ती म्हणत राहिली.

दरवर्षी मी तिच्यासाठी मिस्सा देतो. यंदा चर्चमधल्या मिस्सांच्या वहीत तिच्या नावाखाली ‘आणि तिचा दुसरा मुलगा’ एवढंच लिहिलं. त्याला नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

तुझाच,
मित्र