लॅमिंग्टन रोडवरील दोन अनोळखी कारागिरांचे आभार

मस्जिद बंदर येथील आमच्या वाहतूक कचेरीत बिल्टीच्या (माल पाठवल्याच्या पावतीच्या) चार प्रती आजही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर एकदमच निघतात, कारण लेझर प्रिंटर कार्बन प्रतींवर ठसा उमटवू शकत नाही. गेल्या आठवड्यात मात्र प्रत्येक ओळीतून बारीक पांढरी रेघ आडवी जाऊ लागली आणि 8 हा आकडा 0 सारखा दिसू लागला.

नवे हेड (शाईच्या रिबनवर पिना आपटून अक्षरे उमटवणारा प्रिंटरचा भाग) घेण्याच्या तयारीनेच मी लॅमिंग्टन रोड गाठला. तेथील एका लहानशा गाळ्यातील दोघा कारागिरांनी ते विकण्याची आयती संधी सोडली. संगणकाची केबल न जोडता, लाइन फीडचे बटण दाबून धरून त्यांनी प्रिंटर चालू केला; चाचणीच्या कागदावरही तीच रेघ उमटल्याने दोष प्रिंटरचाच असल्याचे ठरले. मल्टिमीटरवर नऊही पिना हलवणाऱ्या कॉइलचा (तारेच्या वेटोळ्यांचा) रोध जवळपास सारखा भरला, म्हणजे कॉइल शाबूत होती आणि पिन अडकली होती. हेडचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवल्यावर शाई व कागदाच्या धुळीचा काळा, चिकट गाळ फडक्यावर उतरला. विरलेल्या रिबनचे धागेही त्यांनी मला भिंगातून दाखवले. शेवटची प्रत फिकट येत होती, ती कागदाच्या जाडीचा खटका कोणीतरी (बहुधा मीच) दोन घरे पुढे सरकवल्यामुळे!

नाव विचारल्यावर "काम झालं ना, साहेब?" एवढेच म्हणणाऱ्या त्या दोघांचे, आणि जड प्रिंटर गाळ्यापर्यंत उचलून देणाऱ्या टॅक्सीचालकाचे मनःपूर्वक आभार.