कार्बोल फ्युक्सिनमध्ये रंग निम्मा, आणि चूक मात्र टेक्निशियनच्या नावावर

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता नियंत्रण विभाग,
स्टेन व रिएजंट उत्पादक कंपनी

विषय : झेडएन (झील-नेल्सन, क्षयरोगाचे जंतू रंगवण्याची पद्धत) किटमधील १% कार्बोल फ्युक्सिनचे दोन लॉट नापास झाल्याबाबत, लॉट परत बोलावणे व उत्पादनाची नोंद मिळणेबाबत.

संदर्भ : आमची खरेदी ऑर्डर आणि त्यासोबत आलेली आपली विश्लेषण प्रमाणपत्रे (प्रती जोडल्या आहेत).

महोदय / महोदया,

आपल्याकडून आलेल्या ५०० मि.ली.च्या बारा बाटल्यांमध्ये कार्बोल फ्युक्सिनचे (जंतूंना लाल रंग देणाऱ्या द्रावणाचे) दोन लॉट होते. दोन्ही लॉट क्षयरोगाच्या थुंकी तपासणीसाठी वापरण्याजोगे नाहीत. नवा लॉट पास झाल्याशिवाय रुग्णाच्या स्लाइडवर वापरायचा नाही हा नियम आम्ही पाळतो, त्यामुळे इथे कोणाचा रिपोर्ट चुकलेला नाही. हेच लॉट इतरत्र थेट वापरात गेले असतील, तर तिथे असे म्हणता येणार नाही.

आपल्या प्रतिनिधींना फोनवर हे सांगितले तेव्हा उत्तर आले, "स्लाइड जाड झाली असेल, थोडं जास्त गरम करून बघा." म्हणून तपासणी कशी केली ते तपशिलाने लिहीत आहोत.

कंट्रोल स्लाइड (निकाल आधीच माहीत असलेल्या) एकाच दिवशी, प्रत्येक प्रकारासाठी एकाच थुंकीतून, २ × ३ सें.मी. आकाराच्या केल्या. त्या तीन प्रकारच्या होत्या : १+ (१०० फील्डमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणाऱ्या १०० भागांत, १० ते ९९ जंतू), स्कँटी (१ ते ९ जंतू; पॉझिटिव्ह थुंकी निगेटिव्ह थुंकीत मिसळून केलेली) आणि निगेटिव्ह. प्रत्येक प्रकारच्या तीन-तीन स्लाइड जुन्या पास लॉटने आणि आपल्या दोन्ही लॉटने शेजारी शेजारी रंगवल्या. फ्युक्सिन गाळून घातले, वाफ निघेपर्यंत खालून गरम केले, उकळू दिले नाही, पाच मिनिटे ठेवले. जंतू सोडून बाकीचा लाल रंग काढायला २५% सल्फ्युरिक आम्ल चार मिनिटे, पार्श्वभूमी निळी करायला ०.१% मिथिलीन ब्लू तीस सेकंद. आम्ल आणि ब्लू तिन्ही गटांत एकाच बाटलीतले, बदलले ते फक्त फ्युक्सिन. स्लाइडवर सांकेतिक क्रमांक घालून दोघांनी स्वतंत्र वाचन केले.

जुन्या लॉटने १+ स्लाइडवर १०० फील्डमध्ये ३८, ४२ आणि ४७ जंतू मिळाले. आपल्या पहिल्या लॉटने ९, ६, ११. दुसऱ्याने ८, ५, ७. दहाच्या खाली गेले की ग्रेड १+ राहत नाही, स्कँटी होते. म्हणजे सहापैकी पाच स्लाइड एक ग्रेड खाली आल्या. स्कँटी स्लाइडचे त्याहून वाईट. जुन्या लॉटने ६, ४, ७. आपल्या पहिल्या लॉटने ०, १, ०. दुसऱ्याने ०, ०, १. शून्य आलेल्या चारही स्लाइडचे तेल झायलीनने काढले, आम्लाने रंग उतरवला आणि आम्ही बनवलेल्या फ्युक्सिनने त्या पुन्हा रंगवल्या. त्याच काचेवर ५, ४, ६ आणि ३ जंतू दिसले. जंतू होतेच, फक्त रंगले नव्हते. जाड स्लाइडचा मुद्दा इथे संपतो.

जास्त गरम करण्याबद्दल. वाफेच्या पुढे जाऊन फ्युक्सिन उकळले किंवा काचेवर सुकले की त्याचे कण पडतात, आणि लाल कण हे चुकीच्या पॉझिटिव्हचे नेहमीचे कारण आहे. सरावलेल्या डोळ्याला फरक कळतो : कण गडद, वेडेवाकडे आणि पेशींच्या वरच्या पातळीवर असतात, फोकस थोडा हलवावा लागतो, जंतू बारीक, किंचित वाकलेला, पेशींच्याच फोकसमध्ये दिसतो. पण दिवसाला वीस-पंचवीस स्लाइड पाहणाऱ्या माणसाला कंपनीने हा जुगार खेळायला सांगू नये. उष्णता तेवढीच ठेवून वेळ पाचाऐवजी दहा मिनिटे केली, तेव्हा १+ स्लाइडवरची संख्या २४ ते ३० वर आली. वेळ वाढवल्यावर निकाल सुधारतो याचा अर्थ द्रावणात रंग कमी आहे, असाच आम्ही घेतो.

तो किती कमी, याचा अंदाज साध्या उपकरणावर निघाला. बायोकेमिस्ट्रीच्या सेमी-ऑटो अ‍ॅनालायझरला ५४६ नॅनोमीटरचा फिल्टर असतोच. गाळलेले फ्युक्सिन आधी ५० पट, मग तेच आणखी १०० पट (एकूण ५,००० पट) पातळ करून ते किती प्रकाश शोषते ते वाचले; आकडा मोठा, तर रंग जास्त. जुना लॉट ०.५६, आम्ही बनवलेले ०.५८, आपले दोन लॉट ०.३१ आणि ०.२९. ही अचूक मोजणी नव्हे, तुलना आहे. पण जवळपास निम्मा रंग गायब आहे हे सांगायला ती पुरते.

कारण शोधणे आपले काम, तरी आम्हाला जे दिसते ते असे. एक लिटरसाठी १० ग्रॅम बेसिक फ्युक्सिन हे प्रमाण शुद्ध रंगाचे आहे. पावडरमध्ये रंग ८८% असेल तर ११.३६ ग्रॅम घ्यावी लागते, ८५% असेल तर ११.७६. ही दुरुस्ती विसरली तर घट बारा-पंधरा टक्क्यांची येते, निम्म्याची नाही. बाटल्यांच्या तळाशी मात्र काळपट चिकट गाळ आहे. एक बाटली ६० अंशांच्या पाण्यात ठेवून हलवली आणि पुन्हा गाळून वाचली, तेव्हा ०.३१ चे ०.४४ झाले. म्हणजे हरवलेल्या रंगातला बराचसा तळाशी बसलेला आहे. फ्युक्सिन आधी १०० मि.ली. अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवायचे, मग ५० ग्रॅम वितळलेले फिनॉल, आणि शेवटी पाणी घालून एक लिटर करायचे. घाईत पाणी आधी पडले की रंग नीट विरघळत नाही, पुढे खाली बसतो, आणि आपण वापरतो ते वरचे फिके पाणी. वापरण्याआधी गाळायची जबाबदारी आमचीच आहे, ती नाकारत नाही. पण इथे गाळताना रंगच फिल्टर पेपरवर राहतो.

आता आपल्या प्रमाणपत्राकडे वळू. त्यात लिहिले आहे : "रंग : गडद लाल. पारदर्शकता : योग्य. निकाल : पास." फ्युक्सिन लाल असते हे आम्हाला ठाऊक होते. पावडरमध्ये रंग किती टक्के, तिचा कलर इंडेक्स क्रमांक, म्हणजे रंगद्रव्याची ओळख सांगणारा क्रमांक, कोणता (बेसिक फ्युक्सिनमधल्या पॅरारोझॅनिलीनचा ४२५००), आणि मुख्य म्हणजे पॉझिटिव्ह व निगेटिव्ह कंट्रोल स्लाइडवर काय दिसले, यातले एक अक्षरही नाही. स्टेन चालतो की नाही हे स्लाइडच सांगते. पारदर्शकतेवरून ते कळत नाही.

आम्लाच्या लेबलवरही "२५%" एवढेच आहे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या पद्धतीत २५% म्हणजे ७५० मि.ली. पाण्यात सावकाश सोडलेले २५० मि.ली. संहत आम्ल, त्याची घनता सुमारे १.२७ ते १.२८ येते. आपल्या आम्लाची सुमारे १.१८ आली, म्हणजे ते वजनाने २५% आहे. (बॅटरीवाल्याकडचा हायड्रोमीटरसुद्धा हे दाखवतो.) चार मिनिटे ठेवल्यास काम भागते, दोन मिनिटांत पार्श्वभूमी लालसर राहते. दोष लहान आहे, पण लेबलवर आकारमानाने की वजनाने ते छापायला हवे.

आपल्या प्रतिनिधींचे शेवटचे म्हणणे असे होते की इतर कोणाची तक्रार नाही, आणि त्या केंद्रांचे बाह्य मूल्यमापनही व्यवस्थित आहे. हे दोन्ही खरे असू शकते, आणि आमची खरी काळजी तीच आहे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातल्या फेरतपासणीत केंद्राच्या निवडक स्लाइड निकाल झाकून दुसरा वाचक पाहतो, दोघांचे जुळले नाही तर तिसरा पंच निर्णय देतो. पण स्लाइड तीच, आधीच रंगवलेली. फिक्या फ्युक्सिनने न रंगलेला जंतू पहिल्याला दिसत नाही, तसा दुसऱ्यालाही दिसत नाही. दोघेही निगेटिव्ह लिहितात, निकाल जुळतो, केंद्र पास होते. फेरतपासणीत वाचकाची चूक पकडली जाते. निगेटिव्ह स्लाइड पुन्हा रंगवल्याशिवाय स्टेनची चूक तिच्या हाती लागत नाही. पॅनेल टेस्टिंगचेही (केंद्राला ठरावीक स्लाइड पाठवून वाचन तपासण्याचेही) तेच : स्लाइड रंगवलेल्या आल्या तर आपल्या फ्युक्सिनचा त्यांच्याशी संबंधच येत नाही, न रंगवलेल्या आल्या तरच येतो.

आणि पकडलीच, तर ती कोणाच्या नावावर जाते? अर्धवट रंगलेल्या १+ स्लाइडवर केंद्रातल्या टेक्निशियनला काही दिसले नाही आणि चांगल्या मायक्रोस्कोपवर दुसऱ्याला बारा जंतू दिसले, की त्याची नोंद हाय फॉल्स निगेटिव्ह अशी होते. स्कँटी असेल तर लो फॉल्स निगेटिव्ह. पर्यवेक्षक येतात, वाचनाचा वेळ विचारतात, लेन्स तपासतात, पुन्हा प्रशिक्षणाची शिफारस करतात. रिएजंटचा लॉट क्रमांक जिथे रजिस्टरमध्ये लिहिलेलाच नसतो, तिथे आपल्या बाटलीपर्यंत कोणी पोहोचत नाही. सरकारी यंत्रणेत स्टेन जिल्हा पातळीवर बनवून, तपासून वाटण्याची पद्धत आहे. बाजारातून तयार किट घेणाऱ्या आमच्यासारख्या खाजगी आणि धर्मादाय प्रयोगशाळांसाठी ती तपासणी आपल्या कारखान्यातच व्हायला हवी.

म्हणून फक्त बदली बाटल्या आम्हाला नकोत. या दोन्ही लॉटची विक्री आजच थांबवावी आणि ज्या प्रयोगशाळांना ते गेले त्यांना लेखी कळवावे. निगेटिव्ह स्लाइड जपून ठेवल्या असतील तर पुन्हा रंगवून पाहण्याची सूचना त्या पत्रात असावी. राखून ठेवलेले नमुने आपण काढून कंट्रोल स्लाइडवर तपासावेत, हवे तर आमच्यासमोर. दोन्ही लॉटची उत्पादन नोंद, म्हणजे पावडरचे रंगप्रमाण, प्रत्यक्ष घेतलेले वजन, फिनॉलचा लॉट आणि द्रावण बनवल्याची तारीख, सात दिवसांत मिळावी. यापुढच्या प्रत्येक प्रमाणपत्रात कंट्रोल स्लाइडचा निकाल हवा, आणि बाटली पारदर्शक नको, गडद तपकिरी हवी.

बारापैकी नऊ बाटल्या न उघडता "वापरू नये" असे लेबल लावून वेगळ्या ठेवल्या आहेत. उघडलेल्या तीनही तशाच आहेत. गाळ ओतून देऊ नये म्हणून त्या हलवलेल्या नाहीत, एक पाण्यात गरम केलेली सोडून. आपला माणूस घ्यायला येईल तेव्हा त्याने लॉट क्रमांक आमच्यासमोर ताडून पोचपावतीवर सही करावी. पूर्ण रक्कम परत मिळेपर्यंत पुढची ऑर्डर थांबवली आहे.

पत्राची प्रत जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना माहितीसाठी पाठवत आहोत.

आपले,
प्रयोगशाळा प्रमुख व गुणवत्ता व्यवस्थापक,
सूक्ष्मजीवशास्त्र विभाग

सोबत : १) दोन्ही लॉटची प्रमाणपत्रे व लेबलांची छायाचित्रे २) कंट्रोल स्लाइडच्या वाचनाचे तक्ते, दोन्ही वाचकांच्या सह्यांसह ३) ५४६ नॅनोमीटरची वाचने ४) पुन्हा रंगवलेल्या चार स्लाइड, पेटीत (पाहून परत कराव्यात)