ब्लॉकवाले काका, तुमचं नाव न घेता

ती. काका,
सा. न. वि. वि.

बाबांच्या व्यंगचित्रांच्या कात्रणांचं प्रदर्शन मी मांडलं, त्याच्या फलकावर तुम्ही तुमचं नाव घालू दिलं नाहीत. "कोपऱ्यात सही असते ती चित्रकाराची. छपाईचा ब्लॉक करणाऱ्याचं नाव कधी छापून आलंय का?" असं म्हणत खडूनं लिहिलेली ओळ स्वतःच्या रुमालानं पुसलीत. म्हणून हे पत्र नावाशिवाय, पण सगळ्यांसमोर लिहिते आहे. रागावलात तरी आता उशीर झाला.

बाबा एसटीत होते, हे तुम्हाला सांगून झालंय. डेपोत येणारे पेपर सगळ्यांचे वाचून झाले की त्यातली राजकीय व्यंगचित्रं ते कापून घरी आणत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चौऱ्याऐंशी कात्रणं निघाली. कापायचे मात्र अगदी चौकटीला लागून. त्यामुळे तारीख गेली, पेपरचं नाव गेलं, कितीदा तर सहीचं शेपूटही गेलं. ते होते तोवर एकदाही शेजारी बसून "बाबा, हा कोण?" असं मी विचारलं नाही. नंतर डबा माझ्याकडे आला आणि मला ओळखू आल्या फक्त इंदिरा गांधी, त्यासुद्धा नाक आणि केसांतल्या पांढऱ्या बटेमुळे. शिवाय वसंतदादा. सांगलीत वाढून दादा ओळखू आले नाहीत तर घरात घेतलं नसतं. बाकी सगळे नुसते टोपीवाले.

वाचनालयात चिठ्ठी लावली, 'जुने पुढारी ओळखून देणारं कोणी आहे का?' दोघं जण आले. पहिल्या गृहस्थांनी दोन तास देशाचा इतिहास सांगितला आणि चित्रांकडे एकदाही पाहिलं नाही. दुसरे तुम्ही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. एक कात्रण उचललंत, पाठमोरं केलंत आणि ट्यूबलाइटसमोर धरलंत.

"काका, उलटं धरलंय," मी म्हणाले.

"मी यांना सरळ कधी पाहिलंय?"

मग तासभर तुम्ही तुमच्या धंद्याबद्दल बोलत होतात आणि मी ऐकत होते. चित्र जाड कागदावर, छापायचं त्याहून मोठं काढलेलं यायचं. त्याचा फोटो, त्याची निगेटिव्ह, तिच्यावरून जस्ताच्या पत्र्यावर छाप, मग पत्रा तेजाबात. रेघा तेवढ्या उंच राहायच्या, मधलं जस्त खाल्लं जायचं. धुवून तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांनी मारायचा. कागदावर सरळ उमटायचं म्हणून ब्लॉकवर सगळं उलटं. चाळीस वर्षं तुम्ही मंत्र्यांची डावीकडची नाकं उजवीकडे बघत आलात. कोणाची रेघ बारीक, कोणाची जाड, हे तुम्हाला सहीवरून नव्हे तर तेजाबावरून ठाऊक. "बारीक जाळी काढणारा आला की आमची झोप उडायची," हे वाक्य मी एका फलकावर घातलं आहे. नाव नाही घातलं, वाक्य घातलं.

त्या पहिल्याच कात्रणानं माझी लाज काढली. डोक्याला फडकं गुंडाळलेला, दाढीवाला एक आडदांड माणूस हवेत उडतोय. त्याला शेपूट आहे. तळहातावर डोंगराऐवजी खुर्ची आणि खुर्चीत एक टोपीवाले म्हातारे घट्ट धरून बसलेले. खाली जमिनीवर आणखी दोघं मान वर करून बघतायत. मी मागे पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'पैलवान? धाबेवाला?'

तुम्ही हसलात, बराच वेळ. "अगं, राज नारायण! तो फडका हिरवा आहे." काळ्या शाईतला हिरवा रंग तुम्हाला दिसत होता. १९७७ मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधींना पाडणारे हेच, आणि ज्या निकालानंतर आणीबाणी आली तो अलाहाबादचा खटला घालणारेही हेच. चरणसिंगांचा हनुमान म्हणवून घ्यायचे, म्हणून शेपूट. खुर्चीतले ते पंतप्रधान चरणसिंग. खाली त्यांच्या आधीचे पंतप्रधान, ताठ कण्याचे मोरारजी देसाई, आणि शेजारी ज्यांच्या हातून पंतप्रधानपद निसटलं ते जगजीवनराम.

"पण साल?" मी विचारलं. तुम्ही कात्रण तसंच दिव्यासमोर धरून होतात, आणि चरणसिंगांच्या पोटातून मला एक आकडा दिसला : २२१. कात्रणाच्या मागे क्रिकेटची बातमी होती. ओव्हलवर गावसकरचे २२१, ४३८ धावा हव्या असताना ८ बाद ४२९ वर थांबलेला सामना. सप्टेंबर १९७९चा पहिला आठवडा. म्हणजे चरणसिंगांनी लोकसभेला तोंड न दाखवताच राजीनामा देऊन पंधरवडा झाला होता आणि ते काळजीवाहू म्हणून बसले होते. खुर्ची हवेत का, ते तेव्हा कळलं. बाबांनी पुढच्या बाजूसाठी कापलं की मागच्या, हा संशय मला अजून आहे. तेही गावसकरवेडे होते.

जाता जाता तुम्ही सांगितलंत, १९८४ला बागपतमध्ये चरणसिंगांच्या विरोधात राज नारायण स्वतः उभे राहिले आणि पडले. "हनुमानानंच रामाविरुद्ध अर्ज भरला. कोण काढणार याच्यावर चित्र? चित्र झालेलंच होतं!"

त्या संध्याकाळनंतर तुम्ही मला निवडणूक चिन्हांवरून काळ लावायला शिकवलंत. बैलजोडी म्हणजे १९६९च्या फुटीआधीची काँग्रेस. चरखा चालवणारी बाई दिसली तर फुटीनंतरची जुन्या पुढाऱ्यांची, सिंडिकेटवाली. गायवासरू दिसलं तर इंदिराबाईंची, १९७१ ते ७७. हात दिसला की १९७८च्या पुढचं. पणती म्हणजे जनसंघ. चित्रकारांना गायवासरू म्हणजे घरबसल्या मेजवानी, गायीला इंदिराबाईंचं आणि वासराला संजयचं तोंड लावलं की काम झालं. 'गाय वासरू, नका विसरू' ही घोषणा काँग्रेसची, पण मजा विरोधकांची.

डब्यात १९७५ च्या जूनपासून पुढे दीड वर्षाचं भोक आहे. मला वाटलं, बाबा तेव्हा आजारी असतील. तुम्ही म्हणालात, "बाबा ठीक होते. पेपर आजारी होते." आणीबाणी होती, चित्र आधी सेन्सॉरकडे जायचं. दिल्लीत तर 'शंकर्स वीकली' त्या ऑगस्टमध्ये बंदच झालं. आणि तरी डिसेंबरमध्ये अबू अब्राहम यांचं एक चित्र 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आलं : बाथटबमध्ये बसून वटहुकुमावर सही करून देणारे राष्ट्रपती. ते बाबांकडे नाही. इंग्रजी पेपर डेपोत येत नव्हता.

आता आपल्या गावचं सांगते. १९७८चं दादा आणि शरद पवारांचं चित्र मी दाराजवळ लावलं होतं. पवारांनी दादांचं सरकार पाडून पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आणलं त्या जुलैमधलं. आमच्याकडे त्या चित्रापुढे सत्तरीतले लोक अजून भांडतात. एकानं 'खंजीर' म्हटलं, दुसऱ्यानं 'राजकारण' म्हटलं, आणि रांग तुंबली. तुम्ही मागून येऊन कानात सांगितलंत, "इथं दोन खुर्च्या ठेव. वेळ लागतो." ठेवल्या. भांडण बसून झालं. मदत म्हणजे काय, हे सांगायला मला एवढं पुरे.

मला वाटतं, तुम्हाला चित्रांबद्दल जिव्हाळा होता, पुढाऱ्यांबद्दल फारसा नव्हता. टोपीवर नाव लिहून ठेवणारा चित्रकार तुम्हाला कच्चा वाटतो. फोनवर हल्ली येतात त्या चित्रांत प्रत्येकाच्या पोटावर नाव असतं, ते दाखवलं तर तुम्ही चष्मा काढून ठेवलात.

एक गोष्ट सांगताना तुमचा आवाज बदलला होता. ब्लॉक न लागणारी ऑफसेट छपाई आल्यावर एका छापखान्यानं कपाटभर ब्लॉक भंगारात किलोवर घातले. तुम्ही तिथं गेलात तेव्हा लाकूड वेगळं, जस्त वेगळं झालं होतं. हाताला लागले ते तीन उचललेत. त्यातला एक परवा पिशवीतून माझ्या टेबलावर ठेवून, चहा न घेता निघून गेलात.

मी त्याच्यावर स्टॅम्प पॅडची शाई फिरवून कागद दाबला. टोपी, चष्मा, हातात छत्री, छत्रीला भोकं. कोण ते मला कळत नाही. आरशात धरूनही पाहिलं.

वाचनालय गुरुवारी सहाला उघडतं. चहा या वेळी घ्यावा लागेल.

आपली,
एसटीवाल्यांची मुलगी