पूरमुक्तीचं राहू द्या, पऱ्याची तारीख सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुधवारी नगरपालिकेच्या निवडणुकीचं चिन्हवाटप झालं, मंगळवारी २ डिसेंबर २०२५ ला मतदान. मधल्या पाच दिवसांत चिपळूणच्या बाजारपेठेतल्या माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि हात जोडणारे जास्त, अशी परिस्थिती आहे. काउंटरवर आतापर्यंत सात पत्रकं जमली. त्यातल्या सहांवर 'पूरमुक्त चिपळूण' हे शब्द अगदी वरच्या ओळीत आहेत. सातव्यावर नाहीत, कारण तिथे नेत्यांचे फोटोच इतके की शब्दांना जागा उरलेली नाही.

माझ्या दुकानाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या दोन रेघा आहेत. खालची २६ जुलै २००५ ची, माझ्या छातीएवढी. वरची २२ जुलै २०२१ ची. तिथे हात पोचायला स्टूल लागतं. तेव्हा कोविडमुळे शाळा बंद होत्या आणि आदल्या वर्षीचा मालही रॅकवर तसाच होता. कागद पाण्यात फुगतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण किती फुगतो ते मला त्या आठवड्यात कळलं. पाणी ओसरल्यावर शटर उचलायला गेलो तर जागचं हलेना. आत वह्या फुगून रॅक फाटले होते आणि मालाने शटर आतून दाबून धरलं होतं. शेवटी कटरने कापून घेतलं. शंभर पानी, दोनशे पानी, चित्रकलेच्या, आलेखाच्या, सगळ्याचा एकच राखाडी लगदा फावड्याने रस्त्यावर ओढला. सांगायचं कारण असं, की 'पूरमुक्त' हा शब्द वाचला की मला त्या लगद्याचा वास येतो आणि शब्द लिहिणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात.

परवा एक तरुण उमेदवार आला. चांगला मुलगा आहे, शिकलेला आहे, लहानपणी माझ्याकडूनच कंपासपेटी घेऊन गेलाय. म्हणाला, "काका, लक्ष असू द्या. या वेळी निळी रेषा उठवायचीच." मी विचारलं, "ती रेषा आखतं कोण रे?" त्याने बाजूच्याकडे पाहिलं, बाजूच्याने मोबाइलमध्ये पाहिलं. मग म्हणाला, "वरून करून आणू, काका."

वरून म्हणजे कुठून, ते मीच सांगतो. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या. निळीच्या आत नवं बांधकाम नाही, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी घालून. आमचं सगळं जुनं गाव यात अडकलेलं आहे, माझी इमारतसुद्धा. ती मलाही नव्याने बांधायची आहे, तेव्हा रेषेचा फेरविचार व्हावा असं मलाही वाटतं. पण नगरसेवकाने ठराव करून ही रेषा हलत नाही, एवढं तरी उमेदवाराला ठाऊक असावं.

नदीचं तेच. वर कोयना धरण. त्याचं पाणी वीज करून सह्याद्रीच्या अलीकडे उतरतं आणि कोळकेवाडी धरणावरून आपल्या वाशिष्ठी नदीला मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मुभा दिलेली आहे. खाली दाभोळची खाडी, भरतीच्या वेळी नदीचं पाणी पुढे घेत नाही. मध्ये आपण, आणि नदीच्या पोटात वर्षानुवर्षांचा गाळ. या गाळासाठी डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, मग जलसंपदाची आणि नाम फाउंडेशनची यंत्रं नदीत उतरली. कोयनेचा विसर्ग, खाडीची भरती आणि डोंगरावरची जंगलतोड, यातलं काय प्रभाग अमुक-अ मधून निवडून येणाऱ्या माणसाच्या हातात आहे?

७४व्या घटनादुरुस्तीने शहरांकडे सोपवायच्या विषयांची एक यादी घटनेला जोडली, बारावी अनुसूची. तिच्यात १८ विषय आहेत. बगिचे आहेत, कोंडवाडा आहे, कत्तलखाना आहे, जन्म-मृत्यूची नोंद आहे. 'पूर' हा शब्द नाही. मात्र रस्ते आहेत, बांधकाम परवानगी आहे, सांडपाणी आणि घनकचरा आहे, अग्निशमन आहे, गाड्या उभ्या करायच्या जागा आहेत. पूर पालिकेच्या हातात नाही, पण पुराच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाव कसं असेल, ते बरंचसं तिच्याच हातात आहे. आणि नेमकं त्यावर सातही पत्रकं गप्प.

नाही, एक अपवाद झाला, तो पत्रकाबाहेर. एक उमेदवार बाई आल्या होत्या, महिला राखीव जागेवरून उभ्या आहेत. बोलत होते त्यांचे यजमान. ओपन जिम, सेल्फी पॉइंट, प्रवेशद्वार, सीसीटीव्ही, सगळं त्यांनी एका दमात म्हणून दाखवलं. बाई वह्यांच्या किमती बघत उभ्या. मी सहज विचारलं, तुमच्याकडे पाणी येतं का हो? यजमान "पूरमुक्त..." म्हणेपर्यंत बाई बोलून गेल्या, "आमच्याकडे नदी मागाहून येते. आधी गटार उलटं येतं. न्हाणीतल्या मोरीतून बुडबुडे आले की मी पीठ-तांदूळ माळ्यावर टाकते." यजमान हसले. मला मात्र वाटलं, हे पत्रक कोणी छापलं असतं तर मी दुकानाच्या काचेवर लावलं असतं.

कारण नदीचं पाणी बंद गटारांतून आणि पऱ्यांतून, म्हणजे गावातल्या लहान ओढ्यांतून, उलटं शिरतं, हे सखल भागातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. बाजारातले पऱ्ये आता दिसतही नाहीत. वर लाद्या, लाद्यांवर टपऱ्या, आणि मी खोटं कशाला बोलू, काही ठिकाणी दुकानांच्या पायऱ्या. शिवनदी गावाच्या मधून जाते, तिला मिळणारे ओहोळ कुठून येतात हे नव्या पिढीला दाखवावं लागेल. तेव्हा माझा पहिला प्रश्न हा: तुमच्या प्रभागात पऱ्ये किती, ते कुठे बुजले आहेत, आणि पुढच्या वर्षी त्यांची सफाई कोणत्या तारखेला पुरी होईल? मे अखेर म्हणू नका. आमच्याकडे वळवाचा पाऊस त्याआधी येतो, आणि काठावर काढून ठेवलेला गाळ पहिल्या सरीला परत आत जातो. काढलेला गाळ उचलून कुठे टाकणार, हेही त्याच ओळीत लिहा.

दुसरा प्रश्न गाड्यांचा. हा कुणाला क्षुल्लक वाटेल, पण पावसाचा जोर वाढला की रात्री अकराला बाजारात काय चालतं ते बाहेरच्याला सांगूनही कळायचं नाही. जो तो आपली रिक्षा, टेम्पो, स्कूटर घेऊन महामार्गाकडे, कुणा ओळखीच्याच्या चढावरच्या अंगणाकडे पळतो. २०२१ ला ज्यांची गाडी बुडाली त्यांतल्या कितीतरी जणांचं पोट त्या गाडीवर होतं. उंचावर चार जागा ठरवायच्या, पावसाळ्याचे चार महिने त्या मोकळ्या ठेवायच्या, कोणत्या आळीने कुठे जायचं ते आधी सांगून ठेवायचं. याला मुंबईहून मंजुरी लागत नाही आणि खर्चही प्रवेशद्वाराच्या कमानीपेक्षा कमीच येईल. अर्थात कमानीवर नाव कोरता येतं, मोकळ्या जागेवर येत नाही.

तिसरा प्रश्न पहाटेचा. २०२१ ला मला उठवलं ते समोरच्या पाववाल्याने. तो भट्टीसाठी अडीच-तीनला उठतो, त्याच्या पायाला पाणी लागलं आणि त्याने आळीतली दारं बडवली. पुढे वीज गेली, मग मोबाइल गेले. आपल्या आगाराचे व्यवस्थापक तिकिटांचे नऊ लाख रुपये सांभाळत तासन् तास एसटीच्या टपावर बसले होते, हे साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. तशी टपावर, पत्र्यावर, माळ्यावर बसलेली माणसं गल्लोगल्ली होती. आता पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी येऊन राहते, हे चांगलंच आहे. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर, हे आकडे पोरांनाही पाठ झालेत. पण पाणी ५ मीटरला आलं म्हणजे पेठमापातल्या एकट्या राहणाऱ्या आजीने नक्की काय करायचं, तिचं दार कोण वाजवणार, तिला कुठल्या शाळेत नेणार आणि त्या शाळेची चावी कुणाकडे असेल, हे मला कुणी सांगितलेलं नाही. नगरसेवक म्हणजे माझ्या मते चावी कुणाकडे आहे हे माहीत असलेला माणूस.

हा माणूस गेली चार वर्षं आपल्याकडे नव्हता, हेही विसरायला नको. पूर जुलैत आला आणि २०१६ ला निवडून आलेल्यांची मुदत त्याच डिसेंबरात संपली. चिखल वाळतोय तोवर सभागृह रिकामं. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, निवडणुका लांबणीवर, पालिकेवर प्रशासक. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका उरका असं बजावलं तेव्हा कुठे हे दिवस आले, तेही मुदत ओलांडून. त्यामुळे या खेपेला उभे असलेले बरेच जण पुरानंतर एकदाही सभागृहात बसलेले नाहीत. त्यांना अनुभव नाही म्हणून मी नाक मुरडणार नाही. पण तुम्ही पुराच्या त्या आठवड्यात कुठे होता, हे विचारायचा हक्क मला आहे. काही जण चिखलात होते, मी पाहिलंय. त्यांच्या पत्रकावर ते नाही आणि सेल्फी पॉइंट आहे, याचंच नवल वाटतं.

आता आपलंही थोडं. मागच्या आठवड्यात आमच्या आळीची बैठक झाली. उमेदवारांकडे काय मागायचं, यावर तासभर चर्चा झाली आणि पेव्हर ब्लॉकवर एकमत झालं. जुने ब्लॉक चांगले आहेत, फक्त रंग उडालाय. मी पऱ्यावरच्या लाद्या उचलायचा विषय काढला तर तिघांनी घड्याळाकडे पाहिलं, कारण लादी उचलायची तर आधी तिघांच्या पायऱ्या जातात. त्यातली एक माझी. घरी येऊन हे सांगितलं तर सौ. म्हणाली, मग आधी ती तोडा आणि नंतर पत्र लिहा. पायरी अजून तोडलेली नाही, गवंड्याला सांगून ठेवलंय. या मंगळवारी प्रभागाचे दोन आणि थेट नगराध्यक्षाचं एक अशी तीन बटणं दाबायची आहेत. ती दाबायला मुंबईहून चाकरमानी येतील, त्यांच्या गाड्यांची सोय कोण करतंय तेही गावाला ठाऊक आहे. त्यांना एकच सांगणं, रात्री उशिरा परतताना शिवनदीच्या पुलावर पाच मिनिटं थांबून खाली बघा. पाणी नसताना बघितलेलं बरं असतं.

रविवारी ३० तारखेला संध्याकाळी सहाला दुकानाचं शटर अर्धं उघडं ठेवतोय. आमच्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांनी यावं, दुकान सगळ्यांना माहीत आहे, चहा पिऊन गेलेलेच आहेत. हार, फटाके, ढोल नको. पऱ्यांची नावं, गाड्यांच्या जागा आणि शाळेची चावी कुणाकडे, एवढं कागदावर लिहून आणा. कागद नसेल तर वही मी देईन, पैसे घेणार नाही. ज्या बाईंनी मोरीतल्या बुडबुड्यांचं सांगितलं त्यांनी तर जरूर यावं, आणि यजमानांना थोडा वेळ बाहेरच्या बाकावर बसवावं.

आपला,
बाजारपेठेतील एक दुकानदार, चिपळूण
(नाव व पत्ता संपादकांकडे)