थंब लागला नाही तर काय, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात हल्ली रोज एआयचं काहीतरी असतं, डेटा सेंटर, चिप, सुपरकॉम्प्युटर, आणि देशाने तंत्रज्ञानात कशावर भर द्यावा यावर मोठमोठ्या लोकांचे लेख. वाचतो मी सगळे, खोटं नाही सांगत. पण लिहिणाऱ्यांपैकी कोणी कधी रेशन दुकानात पॉस मशीनसमोर, म्हणजे धान्यासाठी अंगठा लावायच्या मशीनसमोर, उभं राहिलंय असं वाटत नाही, म्हणून म्हटलं आपणच चार ओळी लिहाव्यात. मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. त्याआधी याच गाळ्यात एसटीडी पीसीओ होता, पिवळा बोर्ड अजून आत अडगळीत आहे, म्हणजे सरकारी तंत्रज्ञान गावापर्यंत पोचवायचं काम मी बरीच वर्षं करतोय असं म्हणायला हरकत नाही.

परवाची गोष्ट सांगतो. एक आजी आल्या रेशनच्या केवायसीला, म्हणजे कार्डावरचं माणूस तेच आहे हे आधारवरून पटवायला. पस्तीसेक हंगाम ऊस तोडलेला, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत, कोयत्याने आणि पाचटाने पार गुळगुळीत झालीत बोटं. उजवा अंगठा लावला, नाही. डावा, नाही. मग साबणाने हात धुऊन आणले, पदराला पुसले, परत लावला, मशीनमधला लाल लाईट लागतो आणि विझतो आणि खाली येतं की ठसा जुळला नाही. रांगेतला एकजण म्हणाला लिंबू चोळा, दुसरा म्हणाला व्हॅसलीन लावा, आजी मात्र माझ्याकडेच बघत होत्या, जणू मीच नाही म्हणतोय. ओटीपीने करू म्हटलं तर आधारला नंबर मुलाच्या जुन्या सिमचा, रिचार्ज नाही मारला म्हणून ते सिम केव्हाच बंद. नंबर बदलायचा तर तालुक्याला जा, आणि तिथे गेल्यावर आधी काय मागतात तर अंगठा! डोळ्याचं मशीन आहे, पण आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ते कधी घेतं कधी घेत नाही. चेहऱ्याचं ॲप आलंय तेही केलं, तीनदा फिरलं आणि नेट गेलं. शेवटी आजी म्हणाल्या, "लेकरा, मी म्हातारी हितं बसलीय की, कुणाला इचारायचंय मी हाय का म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि देशाच्या तंत्रज्ञान धोरणात सगळ्यात आधी काय असावं असं मला कोणी विचारलं तर मी म्हणीन या प्रश्नाचं उत्तर. मशीन चाललं नाही तर काय. कोण सही करणार, कोणाच्या जबाबदारीवर, किती दिवसांत. बाकीचं नंतर.

लोकांना वाटतं ही एखाद्या म्हातारीची गोष्ट आहे, तुरळक. २०१८ ला सुप्रीम कोर्टात आधारचं प्रकरण चालू होतं तेव्हा आधारच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं की सरकारी सेवांमध्ये ऑथेंटिकेशन, म्हणजे ओळख पटणं, ८८ टक्के वेळा यशस्वी होतं. म्हणजे शंभरात बारा वेळा नाही. आता त्यातले काही दुसऱ्या झटक्यात होत असतील, काही चुकीचं बोट लावत असतील, धरून चला, तरी बारा म्हणजे थोडे नाहीत हो. बारा टक्के वेळा सुरू न होणारी मोटरसायकल कोणी घेईल का. आणि हे बारा कोण असतात तेही बघा, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याची बोटं झिजत नाहीत, झिजतात ती कोयता, विटा, खडी, भांडी यांनी. ज्याला रेशनची सगळ्यात जास्त गरज त्याचाच थंब लागत नाही, असं उलटं गणित आहे हे.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, माझं पोटच त्यावर आहे. वन नेशन वन रेशन कार्ड घ्या. आमच्याकडचा अर्धा तालुका दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन मुकादमाबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात जातो, पूर्वी ते पाच-सहा महिने गावातलं रेशन दुसरंच कोणी खायचं, आता कारखान्याच्या गावात आपल्या कार्डावर धान्य घेता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ज्याने कोणी केली त्याला माझा नमस्कार. पण त्याच लोकांची केवायसी करायची मुदत नेमकी ते फडात असताना का येते हे मला अजून कळलेलं नाही. मुदत वाढवतात म्हणा नंतर, पण वाढवेपर्यंत लोक उसातून फोन करत असतात, "नाव कटलं का आमचं?"

आता यूपीआयचं बघा. सगळं जग कौतुक करतं, २०१६ ला सुरू झालं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले. का चाललं ते? सोपं होतं, फुकट होतं, हे झालंच, पण माझ्या मते अजून एक कारण आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. पैसे अडकले तर परत येतात हे लोकांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ ला नियमच काढला की व्यवहार फेल झाला, खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करायचे, त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे, आणि तेही त्याने तक्रार करायची वाट न बघता. शिवाय कोणत्या बँकेचे किती व्यवहार फेल गेले याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात, म्हणजे बँकेची लाज चव्हाट्यावर. माझ्या चहावाल्याला हा नियम माहीत नसेल पण त्याचा भरवसा त्याच नियमावर उभा आहे.

मग हेच रेशनला का नाही? पेन्शनला का नाही, किसान सन्मानच्या हप्त्याला का नाही? चहाचे दहा रुपये अडकले तर यंत्रणा जबाबदार, आणि म्हातारीचं महिन्याचं धान्य अडकलं तर म्हातारी जबाबदार, तिनेच हात धुवायचे, तिनेच तालुक्याला जायचं, भाडं तिचंच, बुडालेली मजुरी तिचीच.

बरं कायदा नाही असंही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ८ वं कलम आहे, हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा. २०१७ च्या ऑक्टोबरात केंद्राने सगळ्या राज्यांना लेखी कळवलं होतं की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून रेशन नाकारायचं नाही, वेगळ्या रजिस्टरला नोंद करून द्यायचं. छान आहे ना? पण माझ्या ओळखीचा एक दुकानदार म्हणतो, रजिस्टरला चार नोंदी जास्त झाल्या की चौकशी माझी लागते, मशीनची नाही. त्याचंही बरोबर आहे. म्हणजे कागदावर पळवाट आहे पण त्या वाटेने जाणाऱ्यालाच चोर धरतात. याला धोरण म्हणत नाहीत. धोरण म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, दुकानदार, शाळेचे गुरुजी, यांच्यापैकी कोणीतरी एकाने "ही बाई हीच आहे, मी ओळखतो" असं लिहून सही केली की तिचं काम व्हायलाच पाहिजे, आणि त्याला त्या सहीची भीती वाटता कामा नये. खोटी सही केली तर करा की कारवाई, कोण नको म्हणतंय.

आणि दोन रस्ते ठेवता येतात हे सरकारनेच करून दाखवलंय. सरकारी पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला घ्या. नोव्हेंबर आला की माझ्याकडे रांग असते, २०१४ पासून तो ऑनलाईन झाला, नंतर चेहरा दाखवूनही व्हायला लागला, रिटायर्ड गुरुजी घरात बसल्या बसल्या मोबाईलवर करतात. पण ज्याला जमत नाही तो आजही बँकेत जाऊन कागदावर सही करून देऊ शकतो. ऑनलाईन आहे म्हणून कागदाचा रस्ता बुजवला नाही. साहेबलोकांना दोन दरवाजे आणि ऊसतोड्याला एक, तोही अंगठ्याने उघडणारा.

मोठ्या खर्चाबद्दल बोलायची माझी पात्रता नाही, तरी बोलतो. चिपसाठी डिसेंबर २०२१ ला ७६,००० कोटी मंजूर झाले, एआय मिशनला मार्च २०२४ ला १० हजार कोटींच्या वर. करा, जरूर करा. बाहेरच्यांनी नाही म्हटल्यावर काय होतं ते आपण पाहिलंय, अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर द्यायला आढेवेढे घेतले म्हणून तर १९८८ ला पुण्यात सीडॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि १९९१ ला परम ८००० हा आपला सुपरकॉम्प्युटर तयार झाला. त्यामुळे चिप कशाला हवी असं मी म्हणणार नाही. मला फक्त एवढं विचारायचंय की तो एआय बनवताना कोणासाठी बनवणार.

कारण एक जुनी गोष्ट मला माहितीय, पीसीओच्या काळातली. १९८४ ला सरकारने सीडॉट ही संस्था काढली, टेलिफोन एक्स्चेंज इथेच बनवायचं म्हणून. तेव्हा बाहेरच्या एक्स्चेंजला एसी लागायचा, आणि खेड्यात एसी तर सोडाच, लाईटचाच भरवसा नव्हता. आपल्या इंजिनिअरांनी १२८ लाईनचं छोटं एक्स्चेंज बनवलं जे उन्हाळ्यात, धुळीत, एसीशिवाय चालेल, आणि १९८६ ला पहिलं बसवलं कुठे तर बेळगावजवळ कित्तूरला. मला यात काय आवडतं सांगू का, त्यांनी खेड्याला सांगितलं नाही की आधी एसी बसवा मग फोन देतो. खेडं आहे तसं धरलं आणि मशीन त्याला जुळवून घेतलं. आजच्या ॲपवाल्यांचं नेमकं उलट आहे, ॲप बंगलोरच्या ऑफिसमधल्या वायफायवर चालतं म्हणजे झालं, धारूरला चाललं नाही तर धारूरचं चुकलं.

पोषण ट्रॅकर आठवतंय का, बाळांच्या वजनाच्या नोंदी भरायचं ॲप? २०२१ ला अंगणवाडी सेविकांवर टाकलं, ॲप इंग्रजीत, दिलेले फोन गरम होऊन बंद पडायचे, शेवटी आपल्या राज्यातल्या हजारो बायकांनी ऑगस्टमध्ये मोर्चे काढून ते फोन सरकारला परत नेऊन दिले. बाळाचं वजन मराठीत लिहिता येणाऱ्या बाईला तुम्ही इंग्रजीत अडाणी ठरवलंत, दुसरं काय.

भाषेवरून आठवलं. आपला ळ. समजा एका बाईचं नाव कमळाबाई. आधारला नोंदवताना इंग्रजीत टाईप झालं कमल, कॉम्प्युटरने त्यावरून मराठी केलं कमल, सातबाऱ्यावर तलाठ्याने पूर्वी हाताने लिहिलेलं कमळाबाई, बँकेत कमलाबाई. आता ही तीन बायका झाली. किसान सन्मानचा हप्ता येत नाही, कारण नावात फरक. मग स्टॅम्पवर नाहीतर साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र, की मी कमल आणि मी कमळाबाई आणि मी कमलाबाई एकच. असे कागद मी आठवड्याला दोन-चार तरी करतो. माणसाचं नाव आधी इंग्रजीतून जाऊन मग मराठीत येतं, जाता जाता ळ गळून पडतो आणि त्याच्यामागे बाईचे दोन हजार गळतात. तुमच्या त्या एआयला पहिलं काम हे द्या ना, कमल आणि कमळाबाई एकच आहे हे ओळखायचं. ज्याला इंग्रजीत कविता करता येते म्हणतात त्याला एवढं यायला हरकत नाही.

फायबरबद्दल थोडक्यात. २०११ ला केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायची योजना मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, ऑगस्ट २०२३ ला सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. त्यात १० वर्षांची देखभालही धरलीय, हे वाचून मला चिपच्या बातमीपेक्षा जास्त बरं वाटलं, कारण केबल टाकायला सगळे येतात, फोटो होतो, आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली की जोडायला कोणी येत नाही.

एक कबुली देऊन थांबतो. मशीन चाललं नाही की माझं नुकसान होतं असं नाही. उलट माणूस तीनदा येतो, दोन झेरॉक्स जास्त निघतात, एक प्रतिज्ञापत्र होतं. म्हणजे या गोंधळावर जगणाऱ्यांपैकी मीही एक आहे. आणि माझ्या व्हॉट्सॲपमध्ये अख्ख्या गावाची आधार कार्डं आहेत, पासबुकं आहेत, कोणाकोणाचे ओटीपीसुद्धा आहेत. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, मी ते पेपरात वाचले, मला येऊन कोणी सांगितलं नाही की बाबा हे फोटो डिलीट कर. मी भला माणूस आहे म्हणून ठीक चाललंय असं समजा.

आजींना मी उद्या परत बोलावलंय, सकाळी सातला, तेव्हा नेट जरा बरं असतं. आठ बोटं करून झालीत, दोन करंगळ्या राहिल्यात.

आपला,
एक सेवा केंद्र चालक
ता. धारूर, जि. बीड