जपानी छापचित्रं होकुसाईच्या लाटेवर संपत नाहीत

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवरचा लेख आवडला, पण नेहमीसारखी गाडी होकुसाई या जुन्या चित्रकाराच्या प्रसिद्ध लाटेपाशी येऊन थांबली आणि वर 'लुप्त होत चाललेली कला' हे ठरलेलं वाक्य. अहो, टोकियोत अदाची संस्थेत तीच लाट आजही हाताने कोरून, छापून विकतात, नवीन कारागीरही तयार करतात.

१९८६ पासून टोकियोत राहणारा, ठसे कोरणारा-छापणारा डेव्हिड बुल घ्या. २०१२ मध्ये जेड हेन्री या अमेरिकन चित्रकाराने व्हिडिओ गेममधली पात्रं उकियो-ए म्हणजे जुन्या जपानी छापचित्रांच्या ढंगात काढली, बुलने ती ठशांवर उतरवायचं घेतलं आणि किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर तीन लाख डॉलरच्या वर पैसे जमले. आता गेमची पात्रं म्हटल्यावर नाकं मुरडणारे निघणारच, पण एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) तरी काय खपायचं? काबुकीचे नट, सुमो पैलवान! म्हणजे त्या काळातली पोस्टरंच की. माझ्या मते लोक विकत घेतात म्हणून ही कला जगलीय, काचेच्या कपाटात ठेवून जगली नसती.

आणि काम बघाल तर भयंकर चिकाटीचं. चेरीच्या लाकडावर केसाएवढी रेघ उभी ठेवून बाजूचं सगळं कोरून काढायचं, रंगागणिक वेगळा ठसा, रंगात भाताची खळ, मग ओलसर कागद ठशावरच्या खाचेला बरोबर टेकवून बारेन नावाच्या चपट्या गोल घासणीने घासायचा, कागद मध्येच सुकला तर आकसतो आणि पुढचा रंग रेघेच्या बाहेर. आभाळाचा वरून खाली फिकट होत जाणारा निळा तर दर प्रतीला ब्रशने नव्याने जमवावा लागतो. एवढं करून नाव फक्त चित्रकाराचं, कोरणारा-छापणारा कोण विचारतो? तुमच्या लेखातही नाही.

शिन-हांगाचा, म्हणजे विसाव्या शतकातल्या नव्या छापचित्रांच्या चळवळीचा तर उल्लेखच नाही. वातानाबे या प्रकाशकाने १९१५ च्या सुमारास ही चळवळ उभी केली, १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याचे ठसे जळाले तरी पठ्ठ्याने परत सुरू केलं. त्याच्याकडे सुरुवात केलेला चित्रकार हिरोशी योशिदा १९३०-३१ मध्ये भारतात आला होता आणि त्याने आपल्या अजिंठ्याचंही छापचित्र केलंय! पुढच्या वेळी ते छापा, आणि कृपा करून रंगीत पानावर, कृष्णधवलात छापून त्याची वाट लावू नका.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली